लेक कंट्रीत आरव्ही घेऊन जाताय? मुलं, कुत्रा आणि सगळं बिऱ्हाड धरून कॅम्पग्राउंड असं निवडा

अमेरिकेतल्या मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि मिशिगन या पट्ट्यात, म्हणजेच या लेक कंट्रीत, तलावांना (लेकना) तोटा नाहीये. एकट्या मिनेसोटात 10 एकरांपेक्षा मोठे 11,842 तलाव मोजलेत, नंबर प्लेटवर मात्र अजूनही 10 हजारच लिहितात. विस्कॉन्सिनचा आकडा 15 हजारांच्या घरात, आणि मिशिगनला तर ग्रेट लेक्स नावाच्या पाच अवाढव्य तलावांपैकी चार लागून आहेत. तर तलाव मिळेल का हा प्रश्नच नाही, पण नवीन मंडळी सगळा वेळ त्यातच घालवतात, कुठला लेक भारी, कुणाचे फोटो छान, आणि मग पोचल्यावर कळतं की 30 फुटी आरव्ही (आत राहायची सोय असलेली गाडी) 25 फुटी साइटवर, म्हणजे गाडी लावायला दिलेल्या जागेवर, उभी करायचीय, नाहीतर बीचवर कुत्र्याला बंदी आहे, नाहीतर बाथरूमच्या दिव्याचा झोत रात्रभर बेडरूममध्ये येतोय.

माझं सरळ मत सांगतो, लेक सगळ्यात शेवटी निवडा. आधी गाडी, मग माणसं, मग कुत्रा, मग कॅम्पग्राउंडचा प्रकार, आणि मग नकाशावरचा एक ठराविक साइट नंबर. एकाच कॅम्पग्राउंडबद्दल एकजण म्हणतो स्वर्ग आणि दुसरा म्हणतो परत पाय ठेवणार नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात, फक्त दोघांचे साइट नंबर वेगळे असतात.

पायरी 1: गाडीचे आकडे लिहून काढा

भाड्याने घेत असाल तरी बुकिंगच्या आधी मालकाला चार गोष्टी विचाराच: पुढच्या बंपरपासून मागच्या शिडीपर्यंत पूर्ण लांबी, एसी धरून उंची, वीज 30 अँपची की 50 ची, आणि पाण्याच्या टाक्या किती गॅलनच्या. कागदावर "28 फूट" लिहिलेलं असतं ते कधीकधी नुसतं मॉडेलचं नाव असतं, गाडी त्याहून लांब निघते. ट्रेलर ओढत नेणार असाल तर ट्रेलर अधिक तुमची गाडी, दोन्ही मिळून लांबी धरा, कारण साइटची लांबी म्हणजे त्या पॅडवर जे काही उभं राहणार ते सगळं. उंचीचा आकडा कागदावर लिहून ड्रायव्हरच्या समोर चिकटवा, फोनमधल्या साध्या मॅपला तुमची गाडी 11 फूट उंच आहे हे माहीत नसतं आणि तो खुशाल कमी उंचीच्या पुलाखालून नेतो.

विजेचं जरा नीट समजून घ्या, इथे लोक हमखास गोंधळतात. 30 अँपचा प्लग तीन पिनांचा, 120 व्होल्टवर जास्तीत जास्त 3,600 वॉट. 50 अँपचा चार पिनांचा, त्यात 120 व्होल्टच्या दोन लाइन येतात म्हणून एकूण 12,000 वॉट मिळतात, म्हणजे नावात फरक 20 चा दिसतो पण प्रत्यक्षात तिपटीहून जास्त. 30 अँपवर एक एसी चालू असताना मायक्रोवेव्ह लावला आणि वर कुणी हेअर ड्रायर सुरू केला की ब्रेकर गेलाच समजा. दोन एसीवाली मोठी गाडी असेल तर 50 वालीच साइट बघा. अडॅप्टर लावून 30 वर चालतं, पण मग कुठला एसी बंद ठेवायचा यावर घरात रोज मीटिंग.

आणि एक, जुन्या कॅम्पग्राउंडमध्ये जुलैच्या दुपारी सगळ्यांचे एसी एकदम सुरू झाले की व्होल्टेज पडतं, त्याने एसीचा कंप्रेसर खराब होतो. कमी-जास्त व्होल्टेज आलं की वीज आपोआप तोडणारा सर्ज प्रोटेक्टर मिळतो तो घ्या, महाग वाटतो पण एसीपेक्षा स्वस्तच आहे.

पायरी 2: सरकारी की प्रायव्हेट, हे आधी ठरवा

इथे ढोबळ चार प्रकार आहेत आणि चौघांचा स्वभाव वेगळा.

स्टेट पार्क सगळ्यात देखणे, साइट्समध्ये झाडी, शेजारी दिसत नाही असं बरेचदा मिळतं. पण मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनच्या स्टेट पार्कात बहुतेक आरव्ही साइट्सवर फक्त वीज असते, पाणी आणि सीवर (सांडपाण्याची जोडणी) साइटवर नसतं. येताना पाण्याची टाकी भरून घ्यायची, जाताना सांडपाण्याच्या टाक्या डम्प स्टेशनवर रिकाम्या करायच्या. फुल हुकअप म्हणजे वीज, पाणी, सीवर तिन्ही, हे हवंच असेल तर बहुतेक वेळा प्रायव्हेटकडेच जावं लागतं. पार्कमध्ये गाडी नेण्याचं परमिट वेगळं काढावं लागतं हेही लक्षात ठेवा, कॅम्पिंगच्या पैशात ते धरलेलं नसतं. मिनेसोटात ते दिवसाचं किंवा वर्षाचं मिळतं, बऱ्याच चकरा होणार असतील तर वर्षाचं परवडतं का ते बघा.

फेडरलमध्ये दोन भाग. नॅशनल फॉरेस्ट, उदाहरणार्थ मिनेसोटातलं चिपेवा आणि सुपिरियर किंवा विस्कॉन्सिनचं शेक्वामेगन-निकोले, तिथे शांतता भरपूर, पण बऱ्याच ठिकाणी वीज नाही आणि टॉयलेट खड्ड्यावरचं. दुसरी आहेत आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सची, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअरिंग विभागाची, कॅम्पग्राउंड्स आणि ही नवीन लोकांना माहीतच नसतात. मिसिसिपीच्या वरच्या अंगाला धरणं बांधून जे मोठे तलाव अडवलेत, लीच लेक, पोकेगामा, ब्रेनर्डजवळचा गल लेक वगैरे, तिथे धरणाशेजारी यांची कॅम्पग्राउंड्स आहेत, वीज असते, रस्ते रुंद, गवत कापलेलं. आरव्ही पहिल्यांदाच नेताय तर मी डोळे मिटून इथे पाठवेन. घरात कुणी 62 च्या पुढचं असेल आणि सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाले असतील तर फेडरल सीनियर पास काढा, कोअरच्या कॅम्पग्राउंडला भाडं निम्मं होतं. भारतातून व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-बाबांना तो पास मिळत नाही, तेव्हा त्यांच्या वयावर हिशोब धरू नका.

प्रायव्हेटमध्ये स्विमिंग पूल, मिनी गोल्फ, वायफाय, दुकान, शनिवारी मुलांसाठी काहीतरी कार्यक्रम असं सगळं असतं. कार्टूनमधल्या योगी बेअर अस्वलाच्या नावाची जेलीस्टोन पार्क्स तर इथलीच, पहिलं 1969 मध्ये विस्कॉन्सिनच्या स्टर्जन बेला सुरू झालं. पाच ते दहा वयाच्या मुलांना जंगलापेक्षा हेच जास्त आवडतं, उगाच नाक मुरडू नका. फक्त साइट्स जवळजवळ असतात, शेजाऱ्याचं पिकनिक टेबल तुमच्या खिडकीखाली. आणि तलावाकाठच्या प्रायव्हेट कॅम्पग्राउंडमध्ये पुढची रांग बहुतेक वेळा सीझनलवाल्यांकडे असते, म्हणजे जे मे ते ऑक्टोबर तिथेच ट्रेलर लावून ठेवतात, डेक बांधतात, कुंड्या लावतात. वेबसाइटवर लेकचा फोटो असतो, तुम्हाला मिळते मागची चौथी रांग. फोन करून स्पष्ट विचारा की दोन-तीन रात्रींसाठी येणाऱ्यांना कुठल्या नंबरच्या साइट्स देता.

चौथा प्रकार काउंटी (जिल्हा) आणि गावांची कॅम्पग्राउंड्स. स्वस्त, साधी, कधीकधी अगदी तलावाच्या काठावर, आणि मोठ्या बुकिंग वेबसाइटवर दिसतच नाहीत. काउंटीच्या पार्क विभागाच्या पानावर शोधायची.

दोन नावं नवीन लोक हमखास चुकीच्या यादीत टाकतात. व्होयाजर्स नॅशनल पार्क ऐकून आरव्ही काढाल, पण तिथल्या पार्कच्या साइट्सवर फक्त बोटीने जाता येतं. आणि बाउंडरी वॉटर्स हा कनूवाल्यांचा, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या बोटीवाल्यांचा प्रांत आहे, आरव्ही बाहेरच ठेवावी लागते. दोन्ही ठिकाणं अप्रतिम, पण दिवसा जाऊन यायची.

पायरी 3: मुलांच्या वयाप्रमाणे पाणी निवडा

सगळ्यांना वॉटरफ्रंट साइट हवी असते. मुलं पाच वर्षांच्या आतली असतील तर मी ती फुकट दिली तरी घेणार नाही. स्वयंपाक करताना, गाडी लेव्हल करताना, सीवरचा पाइप जोडताना एक डोळा सतत पाण्यावर, सुट्टी कसली ती. दुसऱ्या किंवा तिसऱ्या रांगेतली साइट घ्या, लेक दोन मिनिटांवर, आणि मुलं पाण्याकडे निघाली की आधी रस्ता ओलांडताना दिसतात.

जाहिरातीतले शब्दही नीट वाचा. वॉटरफ्रंट म्हणजे काठावर. लेक व्ह्यू म्हणजे दोन झाडांच्या फटीतून निळं काहीतरी दिसतं. लेक ॲक्सेस म्हणजे कुठूनतरी पायवाट आहे, ती शंभर पावलांची असू शकते किंवा गाडी काढावी लागेल एवढी.

बीच कसा आहे ते सॅटेलाइट नकाशावर बघा. वाळू पाण्याच्या आतपर्यंत फिकट रंगाची दिसत असेल तर उथळ, एकदम गडद निळं झालं तर तिथे उतार आहे. पाणवनस्पतींचे हिरवे पट्टेही वरून दिसतात. या राज्यांत बहुतेक स्टेट पार्कच्या बीचवर लाइफगार्ड नसतो, दोऱ्या आणि बोया बघून लोकांना वाटतं कुणीतरी लक्ष ठेवतंय, कुणी नसतं. बोटीत बसवणार असाल तर मिनेसोटात 10 वर्षांखालच्या मुलांना बोट चालू असताना लाइफ जॅकेट घालावंच लागतं, मिशिगनमध्ये कायदा 6 वर्षांखालच्यांसाठी आहे, पण कायदा सोडा, पोहता येत नसेल त्या प्रत्येकाने घालायचं, मामा-काका धरून.

ग्रेट लेक्सचा बीच आणि आतल्या छोट्या तलावाचा बीच यात फार फरक आहे. लेक सुपिरियर ऑगस्टमध्येही एवढा गार की मुलं पाय बुडवून ओरडत परत येतात. लेक मिशिगन पोहण्याजोगा कोमट होतो पण त्यात ओढून नेणारे प्रवाह असतात, विशेषतः वारा किनाऱ्याकडे येत असेल आणि धक्क्याच्या कठड्याजवळ. मिशिगनच्या पार्कांत झेंडे लावतात, लाल म्हणजे पाण्यात जाऊ नका, दोन लाल म्हणजे पाण्यात उतरणंच बंद, उतरलात तर दंड. म्हणून लहान मुलं असतील तर लडिंग्टन स्टेट पार्कसारखी जागा मला फार पटते, एका बाजूला लेक मिशिगन, दुसऱ्या बाजूला शांत हॅमलिन लेक. लाटा असतील त्या दिवशी हॅमलिनला जायचं. मिनेसोटात तसंच इटास्का, 1891 मध्ये झालेलं तिथलं सगळ्यात जुनं स्टेट पार्क, मिसिसिपी नदी जिथून निघते तिथे ती एवढी उथळ आणि अरुंद आहे की मुलं दगडांवरून चालत पलीकडे जातात. तिथेही कॅम्पग्राउंड दोन आहेत, बेअर पॉ लेकच्या कडेला आणि पाइन रिज आत झाडीत, मोठी गाडी असेल तर दोन्हीकडच्या साइटची लांबी बघूनच ठरवा, नुसतं लेक जवळ आहे म्हणून नाही.

पाण्याच्या दोन बारीक कटकटी. उथळ गरम पाण्यात खेळून आल्यावर अंगावर खाजणारे लाल पुरळ उठतात, ते गोगलगायी आणि बदकांवरच्या परजीवीमुळे होतं, मोठं काही नसतं, बाहेर आल्या आल्या टॉवेलने खसाखसा पुसून काढलं की बऱ्यापैकी टळतं. आणि झेब्रा शिंपले, नखाएवढे असतात पण कडा ब्लेडसारख्या, खडकाळ काठावर तळपाय कापतो. पाण्यात घालायचे बूट न्याच.

पायरी 4: कुत्र्यासाठी "पेट फ्रेंडली" या दोन शब्दांवर विश्वास ठेवू नका

त्याचा अर्थ एवढाच की गेटवर अडवणार नाहीत. पुढचं सगळं विचारावं लागतं. पट्टा किती लांब चालतो, मिनेसोटा आणि मिशिगनच्या स्टेट पार्कात 6 फूट, विस्कॉन्सिनमध्ये 8. लांब होणारा रीळवाला पट्टा मग कामाचा नाही. पोहण्याच्या बीचवर आणि इमारतींमध्ये कुत्र्याला तिन्हीकडे बंदी असते, सर्व्हिस डॉग सोडून. कुत्र्यासाठी वेगळा बीच काही पार्कांत असतो, तो आहे का ते आधी बघा, कारण तलावाकाठी जाऊन कुत्रा कोरडाच राहिला तर तो रात्रभर सगळ्यांना त्याचा जाब विचारतो. प्रायव्हेटमध्ये किती प्राणी चालतात, ठराविक जातींना बंदी आहे का, रात्रीचे जास्त पैसे पडतात का, आणि मुख्य म्हणजे कुत्र्याला आरव्हीत एकटं ठेवून बाहेर जाता येतं का. बऱ्याच ठिकाणी नाही. रेबीजच्या लसीचा कागद जवळ ठेवा. आइल रॉयल नॅशनल पार्क डोक्यात असेल तर विसरा, तिथे पाळीव कुत्रा अजिबात चालत नाही.

एकटं ठेवायला परवानगी असली तरी एसीच्या भरवशावर ठेवू नका. ब्रेकर उडाला की बंद गाडी उन्हात किती झपाट्याने तापते हे वेगळं सांगायला नको. आतलं तापमान फोनवर कळवणारा मॉनिटर मिळतो, पण त्यालाही सिग्नल लागतो आणि जंगलात सिग्नल असेलच असं नाही.

आता खरी भीती कशाची ते सांगतो, निळी-हिरवी शेवाळ. जुलै-ऑगस्टच्या गरमीत, वारा नसलेल्या दिवसांत तलावाच्या एका कोपऱ्यात पाणी हिरव्या रंगाचा डबा सांडल्यासारखं दिसतं. त्यात विष असू शकतं, कुत्री पाणी पितात आणि नंतर अंग चाटतात म्हणून त्यांना जास्त धोका, काही तासांत जीव जाऊ शकतो. बघून खात्री करता येत नाही, तेव्हा शंका आली की कुणीच उतरायचं नाही, मुलंही नाहीत. कुत्र्याला प्यायला नळाचंच पाणी बरोबर ठेवा.

बोटी उतरवायचा रॅम्प आणि मासे साफ करायची जागा, या दोन्हींपासून कुत्रेवाल्यांनी लांब साइट घ्यावी. तिथे गवतात तुटलेले गळ पडलेले असतात, आणि माशांची आतडी म्हणजे कुत्र्यासाठी अत्तर, त्यात लोळून तो तुमच्या भाड्याच्या आरव्हीत उडी मारणार.

गोचिडी, अर्थात टिक्स. हा पट्टा टिक चावून होणाऱ्या लाइम रोगाचा आहे, मे ते जुलै जोर जास्त. काळ्या पायांची टिक खसखशीच्या दाण्याएवढीही असते. ती साधारण 24 तासांहून जास्त चिकटून राहिली तरच लाइम पसरण्याची शक्यता वाढते, म्हणून रोज रात्री मुलांच्या काखा, गुडघ्याच्या मागे, कानामागे, केसांत, आणि कुत्र्याच्या बोटांमध्ये, पट्ट्याखाली हात फिरवून बघायचं. बारीक चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढायची, तेल लावणं, काडी लावणं असले प्रकार नकोत. कपड्यांवर मारायचं परमेथ्रिन चांगलं काम करतं, पण बरोबर मांजर असेल तर ते ओलं असताना मांजराला विषारी आहे, घरीच मारून पूर्ण वाळवून मग भरा.

पायरी 5: नकाशा उघडा आणि साइट नंबर ठरवा

या कामाला संध्याकाळचा एक तास द्या. बुकिंगच्या पानावर प्रत्येक साइटचा फोटो, लांबी, उतार, सावली असं दिलेलं असतं, त्यासोबत सॅटेलाइट नकाशा शेजारी उघडा.

पुल-थ्रू साइट म्हणजे एका बाजूने आत, दुसरीकडून बाहेर, रिव्हर्स नाही. नवीन असाल तर थोडे जास्त पैसे देऊन हीच. स्टेट पार्कात मात्र बहुतेक बॅक-इन, म्हणजे रिव्हर्स घेत आत जायच्या असतात, तेव्हा लूपचा, म्हणजे साइट्सना वळसा घालणारा रस्ता कुठल्या दिशेने फिरतो ते बाणावरून बघा आणि साइट ड्रायव्हरच्या बाजूला येत असेल ती घ्या, कारण त्या बाजूला रिव्हर्स घेताना आरशात आणि खिडकीतून मागचं चाक दिसतं. उजवीकडे घ्यायची तर अंदाजपंचे.

आरव्हीचं दार आणि छत्रीसारखी उघडणारी ऑनिंग उजव्या बाजूला असते, वीज-पाणी-सीवरची जोडणी डाव्या बाजूला. गाडी उभी केल्यावर दार लेककडे उघडतंय की शेजाऱ्याच्या सीवर पाइपकडे, हे तुम्ही घरी बसून नकाशावर कळून घेऊ शकता. सगळ्यात जास्त फरक याने पडतो आणि सगळ्यात कमी लोक हे बघतात.

बाथरूमला लागून साइट नको, दिवे, दारांचा आवाज, सकाळी सहाला चपलांची फटफट. पण लहान मुलं, आजी-आजोबा असतील तर फार लांबही नको, तीन-चार साइट सोडून घ्या. डम्प स्टेशनचा वास वाऱ्याने येईल तिथे नको. रॅम्पच्या रस्त्यावर नको, मासेवाले पहाटे पाचला ट्रेलर खडखडत येतात. आणि रेल्वे लाइन बघा, हे कुणी सांगत नाही. विस्कॉन्सिनचं डेव्हिल्स लेक स्टेट पार्क एवढं प्रसिद्ध, क्वार्ट्झाइटचे 500 फुटी कडे, पण रूळ तलावाच्या कडेने पार्कातूनच जातात. मुलांना गंमत वाटते, झोप सावध असेल त्यांनी लांबचा लूप घ्यावा.

सावलीचं म्हणाल तर दाट झाडीत एसी कमी लागतो पण डास जास्त, सोलर चालत नाही, आणि फांद्या आरव्हीच्या छताला घासतात. उघड्यावर वारा असतो, डास कमी. जूनमध्ये मी उघडी साइट घेईन, ऑगस्टमध्ये सावलीची.

पायरी 6: बुकिंगची तारीख

प्रत्येकाची खिडकी, म्हणजे बुकिंग किती आधी सुरू होतं ते, वेगळी. विस्कॉन्सिन स्टेट पार्क 11 महिने आधी उघडतं, मिशिगन 6 महिने, मिनेसोटा 120 दिवस, फेडरलची बरीच कॅम्पग्राउंड्स 6 महिने. मेमोरियल डे (मे अखेर), चार जुलै आणि लेबर डे (सप्टेंबरची सुरुवात) यांच्या वीकेंडला चांगल्या साइट्स खिडकी उघडल्या उघडल्या जातात, लॉगिन, गाडीची लांबी, कार्ड सगळं आधी भरून बसा. मिनेसोटात मे महिन्याच्या मध्यात फिशिंग सीझन उघडतो तो वीकेंडही तसाच गच्च. रविवार ते गुरुवार जमत असेल तर हे सगळं टेन्शनच नाही. शाळा उघडल्यानंतरचा सप्टेंबर तर माझ्या मते वर्षातला सगळ्यात छान, डास संपलेले, पाणी अजून बरं, गर्दी नाही, फक्त ऑक्टोबरकडे झुकलात तर कॅम्पग्राउंडचं पाणी गोठू नये म्हणून बंद केलेलं असतं, ते विचारून घ्या.

सगळं भरलेलं दिसलं तरी सोडू नका. लोक रद्द करतात, विशेषतः हवामानाचा अंदाज आल्यावर. जागा सुटली की कळवणारे अलर्ट फेडरलच्या वेबसाइटवर लावून ठेवा.

पायरी 7: निघायच्या आधी आणि पोचल्यावर

लाकडं घरून नेऊ नका. अ‍ॅश झाडं पोखरणारा हिरवा किडा 2002 मध्ये डेट्रॉइटजवळ सापडला आणि जळाऊ लाकडातून राज्याराज्यांत पसरला, म्हणून नियम कडक आहेत. मिनेसोटाच्या पार्कात मान्यता असलेलंच लाकूड चालतं, विस्कॉन्सिनमध्ये 10 मैलांच्या आतलं किंवा सर्टिफाइड. तिथेच विकत घ्या. कायाक, पॅडलबोर्ड एका लेकमधून दुसऱ्यात नेताना धुऊन, पाणी काढून, वाळवून न्यायचे.

पिण्याच्या पाण्यासाठी वेगळा होज, सीवरचा वेगळा, दोन्ही एका पेटीत कोंबायचे नाहीत. नळाला 40 ते 50 पीएसआयचा प्रेशर रेग्युलेटर लावा, कॅम्पग्राउंडचं पाणी कधीकधी एवढं जोरात येतं की आतले पाइप सुटतात. विजेच्या खांबावर आधी ब्रेकर बंद, मग प्लग, मग ब्रेकर चालू. फुल हुकअप असला तरी काळ्या टाकीचा, म्हणजे टॉयलेटच्या टाकीचा, व्हॉल्व्ह बंदच ठेवायचा, दोन तृतीयांश भरल्यावर उघडायचा, नाहीतर पाणी वाहून जातं आणि बाकीचं आत बसतं. रिकामं करताना आधी काळी टाकी, मग करडी, म्हणजे भांड्या-अंघोळीच्या साबणाच्या पाण्याने पाइप धुतला जातो. सीवर नसलेल्या साइटवर चौघांच्या अंघोळी गाडीत झाल्या तर करडी टाकी दोन-तीन दिवसांत भरते, त्यापेक्षा पार्कचे शॉवर वापरा.

फोडणी बाहेरच्या शेगडीवर द्या, आत दिलीत तर स्मोक अलार्म अख्ख्या लूपला जागं करेल आणि डिपॉझिटवर वासाचे पैसे कापले जातील ते वेगळेच. उत्तर भागात काळी अस्वलं आहेत, तेव्हा कूलर, कचरा, कुत्र्याचं खाणं रात्री बाहेर नाही. वादळाचा अंदाज असेल तर ऑनिंग गुंडाळून झोपा, आणि पक्की इमारत कुठली ते पहिल्याच संध्याकाळी मुलांना दाखवून ठेवा, बहुतेक ठिकाणी ती शॉवरचीच असते. पार्कचं पान आणि नकाशा फोनमध्ये डाउनलोड करून न्या, गेटवर सिग्नल नसतो.

आणि उजेडात पोचा. साइटसमोर गाडी थांबवून आधी सगळ्यांनी खाली उतरायचं, वर फांद्या बघायच्या, खांब आणि नळ कुठे आहे, टेबल वाटेत आहे का, जमीन कुठे खचलीय. मुलं आणि कुत्रा शेजारच्या मोकळ्या जागेत, एका मोठ्या माणसाजवळ. एकजण मागे डाव्या बाजूला उभा, ड्रायव्हरला आरशात दिसेल असा, आणि दोघांनी एकमेकांना फोन लावून ठेवायचा, ओरडाआरडा नको, शेजारी खुर्च्या टाकून बघत असतातच. गाडी बसली की चाकांना ठोकळे, मग लेव्हल, मग वीज, आणि ट्रेलर असेल तर ठोकळे लावल्याशिवाय गाडीपासून सोडवायचा नाही.